‘हं?’ म्हणून थांबणारी

बये,

तुझ्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तुला नावाने हाक मारलेली मला आठवतच नाही. तुझं नाव हजेरीपटावर होतं, तेवढंच. वर्गात तू ‘सावकाश’, वॉर्डात ‘सिस्टर’, घरी ‘थोरली’. आता गेलीस. तुझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने फोन केला. म्हणाली, “मावशी शांतपणे गेल्या.” मी म्हटलं, “शांतपणेच जाणार. ती काय घाईघाईने गेली असती?” पोरीला ते लागलं असावं. मग म्हणाली, “मावशींनी कॉलेजचं कधी काही सांगितलं नाही. तुम्ही लिहून पाठवाल?”

तर लिहिते. पण तुझ्याशी बोलत लिहिलं तर मी भांडायला लागेन आणि तू नेहमीसारखी ऐकून घेशील, त्यात काही मजा नाही. म्हणून इथून पुढे तू ‘ती’. आणि तिच्या खोलीतली दुसरी, जिचं नाव वर्गाने ‘सुसाट’ ठेवलं होतं, ती मी. तिलाही परक्यासारखंच वागवणार आहे. तिचे लाड नकोत.

*

त्या काळी नर्सिंगला विद्यापीठाची पदवी असते हेच लोकांना पटत नसे. डॉक्टर व्हायला पदवी, वकील व्हायला पदवी, पण सुई टोचायला आणि बेडपॅन द्यायला पदवी कशाला? रुग्णालयातच शिकून, वॉर्डातच केस पिकवलेल्या जुन्या सिस्टर या नव्या मुलींना ‘डिग्रीवाल्या’ म्हणत, आणि ते म्हणताना ओठ असे मुरडत की औषधच प्यायल्या आहेत. पुरुषांच्या वॉर्डातल्या जाड्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “काय गं डिग्रीवाल्यांनो, बेडपॅन आधी द्यायचा की आधी त्याच्यावर निबंध लिहायचा?”

सावकाश त्या वर्गात आली ती एका घड्याळजीची मुलगी म्हणून. तिच्या बापाचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट होती. आत तो, त्याचं टेबल आणि भिंतीवर टिकटिक करणारी, प्रत्येकी वेगळी वेळ सांगणारी घड्याळं. आई लवकर गेलेली. घर आत्या चालवायची, आणि आत्या चालवायची म्हणजे खरोखरच चालवायची. घरातलं मांजरसुद्धा तिला विचारून बाहेर जायचं. मुली लहान असताना शाळा सुटल्यावर बापाच्या टेबलाजवळ बसत. घड्याळ उघडलं की श्वास रोखायचा, नाहीतर बारकं चाक उडून जातं, हे त्या पाढ्यांच्या आधी शिकल्या. धाकटी कंटाळून पळायची. थोरली तिथेच बसून राहायची.

अशा मुलीला वेळ पाळता येऊ नये, हे वर्गाला फारच आवडलं. तिला ते नाव पडलं तो दिवस सुसाटला लख्ख आठवतो.

प्रात्यक्षिकांचा हॉल लांबलचक होता. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मध्ये पाण्याच्या बादल्या, आणि शेवटच्या खाटेवर रबराचा बाहुला. माणसाएवढा, एक कान तुटलेला, रंग उडून चेहरा पांढराफटक पडलेला. वरच्या वर्गातल्या मुलींनी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं होतं. दिवसभर लोळायचं, सगळ्यांनी पुढेपुढे करायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही आणि तरी सगळ्यांना त्याचाच धाक. नाव चपखल होतं.

बाईंनी सांगितलं, “रुग्णाला हात लावण्याआधी काय करणार ते त्याला सांगायचं. मग कुशीवर वळवायचं. चल, तू ये.”

ती पुढे झाली. टोपी नीट केली. बाहुल्याकडे वाकून म्हणाली, “काका, उजव्या कुशीवर वळवते हं?”

आणि थांबली.

हॉलमध्ये सगळे वाट बघताहेत. बाहुला आढ्याकडे बघतोय. ती बाहुल्याकडे बघतेय. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“काय झालं गं?”

“बाई, ते अजून हो म्हणाले नाहीत.”

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग जो हशा उठला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. बाई कधी हसत नसत, त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. “ते हो म्हणणार नाहीत,” त्या परत वळून म्हणाल्या. “ते रबराचे आहेत.”

“हो बाई. पण इथे नाही थांबलं तर सवय लागेल ना.”

सुसाट मागून म्हणाली, “जावई आहेत ते, बाई. मानपान झाल्याशिवाय हो कसं म्हणतील?”

त्या दिवसापासून ती सावकाश.

आता मराठी बोलणाऱ्याला हे सांगायला नको, पण तरी सांगते. आपल्याकडे ‘हं’ दोन प्रकारचा असतो. “सुई टोचते हं” असं खाली उतरणाऱ्या आवाजात म्हटलं की ती सूचना झाली. म्हणेपर्यंत सुई आत. “सुई टोचते हं?” असा शेवटी आवाज वर गेला की तो प्रश्न झाला, आणि प्रश्नाला उत्तर लागतं. जगातल्या यच्चयावत नर्सा पहिला ‘हं’ म्हणतात. हिला दुसराच यायचा.

वसतिगृहातल्या खोलीत दोघींच्या खाटा समोरासमोर होत्या. खिडकी धुलाईघरावर उघडायची, त्यामुळे खोलीला कायम गरम वाफ आणि खळ यांचा वास. टोपीला खळ जास्त झाली की कानाला कापायची, कमी झाली की दुपारपर्यंत तिचं फडकं व्हायचं. इस्त्री एकच, मजल्यावरच्या सगळ्या मुलींत मिळून, आणि ती सावकाशच्या हातात गेली की बाकीच्या मुली कपाळाला हात लावून जिन्यावर बसत. न्हाणीघरातही तेच. बाहेरून बादल्या बडवल्या जात. “अगं, आत झोपलीस की काय? आम्हाला आजच वॉर्डात जायचंय!” आतून उत्तर यायचं, “आले हं,” आणि तिथे मात्र तो ‘हं’ काहीच सांगायचा नाही, ना सूचना ना प्रश्न.

खाटेखाली हाडांची पेटी असायची, शरीरशास्त्र विभागातून आणलेली. झाडायला येणारी बाई तेवढा कोपरा केरसुणी न लावताच सोडून द्यायची. हाडं पाठ करायची सावकाशची रीत वेगळी होती. पेटीतलं हाड हातात घ्यायचं आणि तेच हाड सुसाटच्या अंगावर शोधायचं. “हात पुढे कर. ही मनगटातली बारकी हाडं. ही होडीसारखी. ही चंद्रकोरीसारखी. दुखतंय?”

“दुखत नाहीये, गुदगुल्या होतायत. उरक.”

“मग हसू नकोस, हाड हलतं.”

सुसाट एका दमात सगळी नावं घडाघडा म्हणून पुस्तक मिटायची. आठवड्याने निम्मी विसरायची. सावकाशला महिना लागायचा, पण मग ते हाड जन्मात तिच्या डोक्यातून निघायचं नाही. तरी यात फार मोठं काही शोधू नये. परीक्षेत दोघींना सारखेच गुण पडत, आणि रात्रपाळी संपवून आल्यावर न्हाणीघराबाहेर उभं राहायला लागलं की सुसाटला तिचा गळा दाबावासा वाटे.

महिन्यातून एकदा बाप भेटायला यायचा. भेटीच्या खोलीत बाकाच्या अगदी टोकाला बसायचा, जसा काही बाक दुसऱ्या कुणाचा आहे. बोलायचा फार कमी. एकदा त्याने लेकीला छातीवर पिनेने लावायचं घड्याळ आणून दिलं, उलटं लटकणारं, म्हणजे मान खाली घातली की सरळ दिसेल असं. स्वतः जुळवलेलं. सुसाट म्हणाली, “काका, घड्याळ छान आहे, पण तुमच्या मुलीलाच चावी द्यायची राहिलीय वाटतं.”

त्याने तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं. “चावी पूर्ण आहे,” तो म्हणाला. “काटे जड आहेत.”

हे तो विनोद म्हणून बोलला की नाही, सुसाटला आजतागायत कळलेलं नाही.

वॉर्डात मात्र विनोद पुरत नसे. एका रांगेतल्या खाटा बाकीच्या मुली उरकून पुढच्या रांगेला लागत, तेव्हा सावकाश तिसऱ्या पेशंटपाशी “पाठ पुसते हं?” म्हणून उभी. राहिलेलं काम दुसरीच्या अंगावर पडायचं, आणि ती दुसरी बहुतेकदा सुसाट असायची. एका म्हाताऱ्याने एकदा सरळ “नाही” म्हणून सांगितलं. ही “बरं” म्हणून निघून गेली, आणि अर्ध्या तासाने परत येऊन पुन्हा विचारलं. जाड्या सिस्टरने कमरेवर हात ठेवले. “काय गं, तू नर्स आहेस की पाहुणी? बसायला पाट देऊ का?”

म्हातारा मध्ये पडला. “ओरडू नका हो तिला. चार महिने झाले मला इथे येऊन. नाही म्हणायची संधी आज पहिल्यांदा मिळाली.”

“मग आता म्हणून झालं ना? चला, पाठ करा इकडे,” सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच पुसून मोकळ्या झाल्या.

तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जे व्हायचं ते झालं. खाटेवरच्या रुग्णाला स्पंजिंग, म्हणजे ओल्या कपड्याने पूर्ण अंग पुसायचं, चादर बदलायची, केस विंचरायचे. ठरलेल्या वेळात. वेळेची घंटा झाली तेव्हा एक पाय पुसून झाला होता आणि दुसरा तसाच होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चादर उचलून पाहिली. “अर्धा माणूस स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते निकालात कळलं.

कॉलेजच्या मुख्य बाईंना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांनी तिला खोलीत बोलावलं. नियम साधा होता: एकदा नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झालं तर नाव कमी. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. “तुझ्या हातात काही वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांग. वॉर्डभर माणसं पडलेली असतात. पहिल्याला तू इतका वेळ दिलास तर शेवटच्याने काय करायचं? दुपारपर्यंत घाणीत पडून राहायचं?”

 याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि अजूनही नाही. सुसाटला तेव्हाही वाटलं होतं की मोठ्या बाई बरोबर बोलतायत.

पुढच्या भेटीला बापाबरोबर आत्याही आली. बसायच्या आधीच बोलायला लागली. “झालं ना विद्यापीठ बघून? चला आता घरी. कापडवाल्यांचा मुलगा अजून विचारतोय. त्यांच्याकडे माणसं हाताखाली आहेत, तिथे सावकाश उठलीस तरी चालेल.”

सावकाश मान खाली घालून बसली होती. छातीवरचं घड्याळ तिला तिथून सरळ दिसत असणार. तिने घरी जायचं नाव काढलं नाही की रडली नाही. फक्त म्हणाली, “आत्या, मला दुसरं काही व्हायचंच नाहीये गं.”

बापाने लेकीकडे पाहिलं. मग बहिणीला म्हणाला, “एक संधी आहे ना अजून? मग थांबू.”

“तुम्ही दोघं थांबतच बसा,” आत्या म्हणाली.

सुसाटने ठरवलं की हिला पास करायचंच. मायेपोटी वगैरे नव्हे. तिला कुणी एखादी गोष्ट इतक्या हळू करताना बघवतच नसे, हे खरं कारण. आणि खोलीत नवी मुलगी आली तर ती कशी असेल कुणास ठाऊक, हे दुसरं. रविवारी दुपारी मजला सामसूम झाला की सुसाट स्वतः पेशंट होऊन खाटेवर पडायची. शेजारी पाण्याचं तसराळं, उशाला टेबलावरचं घड्याळ.

“सुरू कर.”

“आजी, हात पुसते हं?”

“झाली नापास!” पेशंट ताडकन उठून बसायचा. “तो आवाज वर कशाला नेतेस? खाली आण. विचारू नकोस, सांग. ‘हात पुसते हं.’ आणि ‘हं’ म्हणताना कपडा हातावर टेकलेला पाहिजे.”

“पण तिला दुखत असलं तर?”

“तर ओरडेल! माणसांना ओरडता येतं. पुन्हा.”

गादी भिजायची. वॉर्डनबाईंनी एकदा विचारलंच, “या वयात गादी कोण ओली करतं गं इथे?” सुसाटने बेधडक सांगितलं, “मी करते,” आणि ते तिला वर्षभर पुरलं.

हळूहळू ‘हं’ खाली यायला लागला. आधी नाइलाजाने, मग सवयीने. सावकाशचे हात मुळात चांगलेच होते, वाट बघणं गेलं की ते भराभर चालत. हिवाळा संपेपर्यंत ती घड्याळाच्या आधी उरकायला लागली. सुसाटला अगदी स्वतःची भाकड गाय व्यायल्यासारखा आनंद झाला. सावकाश मात्र तसराळं उपडं करताना एकदा म्हणाली, “मी हे दुसऱ्याच कुणाच्या हातांनी करतेय असं वाटतं.”

“कुणाच्याही हातांनी कर. नाव तुझंच लागेल.”

फेरपरीक्षेला तिच्या वाट्याला एक वयस्क बाई आली. बसच्या डेपोत तिकिटाच्या खिडकीवर जन्म काढलेली, जिन्यावरून पडून कंबरेचा खुबा ठेचलेली. जीभ तिखट होती. “परीक्षा तुझी आणि उघडी मी,” असं तिने आल्या आल्या सुनावलं. सुसाट वॉर्डाच्या दाराच्या गोल काचेतून बघत होती.

सगळं वेळेत चाललं होतं. तोंड, हात, छाती, पाय. मग पाठीसाठी वळवायची वेळ आली. “आजी, डाव्या कुशीवर वळवते हं,” सावकाश म्हणाली. आवाज खाली उतरला आणि त्याच्याबरोबर बाई वळलीसुद्धा. बाईने तोंड उघडलेलं सुसाटने काचेतून पाहिलं. ऐकू काही आलं नाही. मग बाईने खाटेची कड घट्ट धरली आणि शेवटपर्यंत ती सोडली नाही, एक शब्दही बोलली नाही. केस विंचरताना डोळे मिटून होती.

घंटेला अजून वेळ होता. परीक्षक बाईंनी चादरीचे कोपरे बोटाने दाबून पाहिले. “उत्तम,” त्या म्हणाल्या. “हात चपळ आहेत.”

व्हरांड्यात सुसाटने तिला गदागदा हलवलं. ती हलली नाही.

“ती थांब म्हणाली होती.”

“कोण?”

“आजी. ‘थांब गं’ म्हणाली. मी ऐकलं.”

“मग?”

“माझे हात थांबले नाहीत.”

“पास झालीस ना?”

“झाले.”

“मग झालं तर! चल, चहा पिऊ.”

मेसमध्ये तिने चहा घेतला, पण गार झाल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली, तर खाटेवर नवी चादर होती. डेपोच्या बाईला मुलगा येऊन घरी घेऊन गेला होता.

पुढे पदवी मिळाली. बापाने काळ्या डगल्यातला लेकीचा फोटो दुकानात घड्याळांच्या रांगेत लावला. कापडवाल्यांच्या मुलाने दुसरीशी लग्न केलं. सावकाशने नोकरी धरली ती सरकारी रुग्णालयात, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. मध्येच सिस्टरची मोठी सिस्टर झाली, पण वॉर्ड सोडला नाही. तिचं जुनं थांबणं परत आलं का, असं तिची भाची विचारेल. आलं. मोठ्या बाईंच्या प्रश्नाला तिने तिच्या परीने उत्तर काढलं, आणि ते अगदी साधं होतं: ती रोज पाळी सुरू व्हायच्या कितीतरी आधी यायची. शेवटच्या खाटेपासून सुरुवात करायची. थांबायला लागणारा वेळ तिने रुग्णालयाकडे मागितला नाही, स्वतःच्या पदरचा घातला, झोपेतला घातला, सुट्टीतला घातला. हाताखालच्या मुली तिच्या नावाने बोटं मोडत, कारण मोठी सिस्टर आधी आली की त्यांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. सुसाट एकदा तिला भेटायला त्या वॉर्डात गेली होती. एक तरणीताठी नर्स पुटपुटली, “आमच्या सिस्टर पंख्यालासुद्धा विचारून बटण दाबतील.” सुसाट फिसकन हसली. मग त्या पोरीला दोन शब्द सुनावायचे म्हणून वळली, तर पोरगी कुणाच्या तरी खाटेशी वाकून म्हणत होती, “काकू, वळवते हं?” आणि थांबली होती.

*

आता पुन्हा तू.

भाचीला पाठवेन तेव्हा हा शेवट ठेवायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही. त्या सकाळी रिकाम्या खाटेपाशी तू तिथल्या सिस्टरला त्या बाईचा पत्ता विचारलास. पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीमागे, हिरवं दार. परत आलीस आणि म्हणालीस, “रविवारी जाऊ या का गं? मला एकटीला जमणार नाही.” मी म्हटलं, जाऊ. दुपारी बाजारातून काठीच्या टोकाला बसवायचं रबरी बूच घेऊन आलीस, कारण त्या बाईच्या काठीचं बूच झिजून आत लाकूड लागत होतं, हे तुझ्या लक्षात आलं होतं आणि त्याचमुळे ती जिन्यावर घसरली असणार असं तुझं म्हणणं होतं. मला हसू आलं. माफी मागायला जाताना कुणी बूच नेतं का?

त्या रविवारी माझी पाळी लागली. पुढच्या रविवारी तुझी. मग शेवटचं वर्ष, मग नोकऱ्या, तू एका गावात, मी दुसऱ्या. दर भेटीत तुझं ठरलेलं वाक्य, “आपलं ते पुलापलीकडचं राहिलंय गं.” आणि माझंही ठरलेलं, “अगं, त्या आता असतील तरी का?” त्यावर तू म्हणायचीस, “जाऊन विचारायला काय हरकत आहे?”

हरकत काहीच नव्हती. कॉलेजच्या दारातून बस सुटायची ती थेट टाकीपर्यंत जायची, बये. बूच तुझ्या पर्समध्ये होतं. आपण गेलो नाही.